खडपावरून काढलेलं इंजिन

खालचीवाडी, ता. मालवण
२० मे २०२५

भाई,

पायांवर डोकं ठेवायला तुम्ही समोर नाही, म्हणून नमस्कार कागदावरच करतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि संजनाच्या मोबाईलवर लिहिलं तर आधी ती वाचते, मग तुम्हाला दाखवते. तुमची लेक गुणाची आहे, पण इंजिनाची गोष्ट तुमच्या-माझ्यातच बरी. म्हणून पत्र.

गोष्ट अशी. आपल्या शिवाच्या आनंदीने वेंगुर्ल्याहून एक जुनी बोट आणली आहे. लाकूड चांगलं आहे, तळ सुका आहे, फक्त पोटात इंजिन नाही. परवा ती मासळी विकून परतताना टोपली डोक्यावर घेऊनच माझ्या इंजिन-दुरुस्तीच्या शेडमध्ये आली. म्हणाली, "भावजीनू, आमचा ता इंजिन उघडा. पावसात करा, उन्हात करा, पण करा. नव्या हंगामाक बोट पाण्यात व्हयी."

"ता इंजिन" म्हणजे तेच. सहा वर्षांपूर्वी आपण बांधून दिलेलं शिवाच्या बोटीचं इंजिन पहिल्याच फेरीत बंद पडलं आणि बोट बाहेरच्या खडपाच्या खडकांवर फुटली, तेव्हा आपण दोर लावून जे वर काढलं आणि गोड्या पाण्याने धुवून डिझेलमध्ये भिजवून ठेवलं, ते. तिच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून आहे. मी म्हटलं, "वहिनी, दुसरं एखादं बघूया." तर म्हणाली, "दुसऱ्याची खोड आमका म्हायत नाय. ह्येची तरी म्हायत आसा."

शिवा काही आला नाही. तुम्ही सावंतवाडीला गेलात त्यानंतरही त्याने समुद्रात पाऊल टाकलेलं नाही. दुसऱ्यांची जाळी शिवतो. वाडीतले लोक त्याला अजून 'बिनतेलाचो तांडेल' म्हणतात. तांडेल म्हणून चार माणसं घेऊन बोट हाकत बाहेर काढली आणि इंजिनात तेल आहे की नाही तेवढं बघितलं नाही, असं. पूर्वी पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात आणि तो हसतो. त्या हसण्याचा मला जास्त त्रास होतो. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

तुमच्याकडून एकच हवं आहे. ते इंजिन बांधलं त्या वेळी घाईत जोखड लावून, ओझं टाकून बघितलं नव्हतं असं तुम्ही नंतर म्हणाला होतात. तपासणीच्या दिवशी मी नव्हतो, आईला घेऊन गोव्याला दवाखान्यात होतो. या वेळी इंजिन बोटीत घालण्याआधी जमिनीवरच पुरतं राबवून घ्यायचं ठरवलं आहे. जोखडाला लाकूड कोणतं, कसायचं कसं, सगळं लिहा. तुमच्याबरोबर वीसेक वेळा लावलं असेल, पण तुम्ही असताना मी कधी लक्षात ठेवलं नाही.

मला आता पन्नासावं लागेल. वाकून उठलो की कंबर आठवण करून देते. सकाळी देवाला फुलं वाहताना बोटांना डिझेलचा वास येतो. देव काही म्हणत नाही.

सहदेव


सावंतवाडी
२७ मे २०२५

सहदेवास आशीर्वाद.

पत्र मिळाले. पोस्टमन दारात उभा राहून हाका मारत होता म्हणे. शेवटी शेजारणीने आत येऊन मला हाताला धरून उठवले. असे आमचे चालले आहे. संजना शाळेत शिकवायला गेली की घर शांत, ती आली तरी शांत.

जोखडाला किंदळाचे लाकूड घे. आंब्याचे जळते, माडाचे सुटते. दोन तुकडे घेऊन कपलिंगच्या गोलाईप्रमाणे आतून कोरायचे, कपलिंगला दोन्ही बाजूंनी पकडायचे आणि दोन लांब बोल्टांनी आवळायचे. एका बाजूला माणसाएवढी दांडी, तिचे टोक जमिनीत पुरलेल्या खांबाला अडकलेले, म्हणजे जोखड फिरणार नाही. वरून पाण्याची धार सतत हवी. धार तुटली की धूर येईल, इंजिनाचा नव्हे, लाकडाचा. आधी अर्धा तास मोकळे चालव. मग पाव पाव फेरा कसत जा. अर्ध्या जोराच्या पुढे जाऊ नकोस, जोखड तेवढेच सोसते.

मोकळे इंजिन सगळ्यांशी गोड बोलते. ओझे आले की खरे बोलते.

आता माझे ऐक. आनंदीला दुसरे इंजिन बघ म्हणालास ते बरोबर होते. पुन्हा सांग. समुद्राचे पाणी प्यायलेल्या लोखंडावर मेहनत कशाला? ती ऐकत नसेल तर वरचा भाग तू कर, पण खालचा क्रँकचा भाग न उघडता सरळ कोल्हापूरला पाठव. तिथे मशीनवर सगळे करून देतात. तुझी कंबर दुखते असे लिहिले आहेस, मग उगाच त्रास घेऊ नकोस.

देवळात जाशील तेव्हा माझ्यातर्फे एक नारळ ठेव.

भाई


खालचीवाडी
१२ जून २०२५

भाई,

नारळ ठेवला. खालचा भाग कोल्हापूरला पाठवला नाही. आनंदी म्हणाली, "खोलूचा तर तुमीच खोला, माज्या डोळ्यांसमोर." ती रोज बाजारातून आली की तासभर शेडच्या दारात बसते. एकेक भाग मी रॉकेलमध्ये धुवून फळीवर मांडतो आणि ती बघते, जशी टोपलीतली मासळी बघावी.

काल ती येण्याआधीच क्रँक काढला होता. बरंच झालं.

भाई, सात मेन बेअरिंगांपैकी सहा ठीक होती, वयाप्रमाणे झिजलेली. चौथं जळून काळं झालं होतं, क्रँकला चिकटून फाटलं होतं. ते तासून सोडवलं. त्या बेअरिंगच्या वरच्या अर्ध्याला तेल यायला भोक असतं आणि खालच्याला नसतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. चौथ्याचा भोकाचा अर्धा खाली होता आणि बिनभोकाचा वर. उलटे बसवलेले. वरून येणाऱ्या तेलाचा रस्ता बंद. चेंबर काठोकाठ तेलाने भरलं असतं तरी तिथे एक थेंब पोचला नसता.



बोट खडपावर आपटली तेव्हा चेंबर फुटलं, तेल समुद्रात गेलं. वर काढलं तेव्हा चेंबर कोरडं होतं. लोकांनी म्हटलं, आधीच तेल नव्हतं. शिवा "होतां, होतां" म्हणत राहिला आणि कोणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही.

ते इंजिन तुम्ही आणि मी मिळून बांधलं होतं. मी दुपारी मधूनच निघालो, घरून आईचा निरोप आला म्हणून. किती बेअरिंगं बसवून निघालो ते मी कालपासून आठवतो आहे. तीन? चार? माझ्या डोळ्यांसमोर चौथ्यावर माझाच हात दिसतो, आणि मग वाटतं, भीतीमुळे दिसतो आहे. तुम्हाला आठवतं का? एवढंच सांगा, चौथं कोणी बसवलं.

ते दोन अर्धे मी फडक्यात गुंडाळून देवाच्या खोलीत ठेवले आहेत. दुसरीकडे ठेवायला जागा सुचली नाही.

सहदेव


सावंतवाडी
१९ जून २०२५

सहदेवास आशीर्वाद.

जुन्या गोष्टी उकरून काय मिळते? बोट आपटली, इंजिन बुडाले, दोर लावून ओढले, या सगळ्यात आतले भाग इकडचे तिकडे होतात. ते तुकडे टाकून दे. देवाच्या खोलीत ती वस्तू ठेवायची नसते.

चौथे कोणी बसवले ते मला आठवत नाही. माझे वय काय आणि तू विचारतोस काय.

शिवाने तेल बघितले नसेल हेच खरे. देवाचा कौलही तसाच झाला होता, आणि तो घेताना तू तिथे होतास.

नवी बेअरिंगे नीट बघून बसव. इंजिन मार्गी लाव आणि विषय सोड. इकडे पाऊस भरपूर.

भाई


खालचीवाडी
५ जुलै २०२५

भाई,

उत्तर द्यायला उशीर केला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं.

बेअरिंगचे अर्धे स्वतःहून जागा बदलत नाहीत. खालून प्लेट आणि दोन बोल्ट कसलेले असतात, ते मीच पान्याने सोडवले. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी तुम्ही असं लिहिलंत, म्हणजे एकच अर्थ होतो. चौथं मी बसवलं होतं आणि तुम्ही मला सांभाळून घेता आहात. लहानपणापासून घेत आलात. तुमच्याकडे कामाला लागलो त्या वर्षी पंपाचा नट मी बिघडवला होता आणि मालकाला तुम्ही सांगितलंत, "माझ्याकडून गेला." मी तेव्हा गप्प बसलो. आता नाही बसवत.

कौलाचं तुम्ही लिहिलंत. तो दिवस मला रोज आठवतो. देवळात सगळी वाडी जमली होती. गुरवाने देवाच्या अंगावर कळ्या लावल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं, "काय विचारू?" तुम्ही आला नव्हता, इंजिनाचं जाणणारा तिथे मीच होतो, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "शिवाच्या हातून चूक झाली काय, इतक्याच इचार. झाली आसात तर उजवी देवंदे." आणि उजवी कळी पडली. शिवाने मान खाली घातली आणि देवाला दंडवत घातलं. मी त्याच्या बाजूलाच उभा होतो.

देव खोटं बोलला असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण मी त्याला काय विचारलं? इंजिन कशामुळे बंद पडलं हे विचारलं नाही. कोणाकोणाची चूक झाली हे विचारलं नाही. एकट्या शिवाचं नाव घेऊन विचारलं आणि उत्तर घेऊन घरी जाऊन जेवलो. ज्याचं नाव घातलं त्याच्यापुरतंच उत्तर मिळणार. माझं नाव घालायला मी विसरलो होतो, की ते मुद्दामच माझ्या तोंडात आलं नाही, हे आता मलाच कळत नाही. पुन्हा कौल घ्यावा असं एकदा मनात आलं. मग लाज वाटली. जे पाना आणि फडकं घेऊन कळलं आहे ते देवाला कशाला विचारायचं?

इंजिन बांधून झालं आहे. क्रँक घासून आणला, नवी बेअरिंगं बसवली, प्रत्येक बसवताना भोकातून तार घालून बघितली. शेडच्या मागे लाकडी चौकटीवर ठेवलं आहे, थंड ठेवायला पाण्याची दोन पिंपं जोडली आहेत. अजून चालू केलेलं नाही. आधी शिवाला सांगायचं आहे. रविवारी, तेरा तारखेला, त्याच्या घरी जाऊन सांगणार आहे की चौथं माझ्या हातून उलटं बसलं. मग वाडीला सांगेन. त्यानंतर माझ्याकडे कोणी इंजिन आणलं नाही तरी चालेल, असं लिहिणार होतो; पण चालणार नाही, घर त्यावरच आहे. तरी सांगणार.

तुमचं नाव कुठेही येऊ देणार नाही.

सहदेव


सावंतवाडी
११ जुलै २०२५

सहदेव,

हे पत्र रविवारच्या आत पोचावे अशी देवाकडे प्रार्थना करतो. न पोचल्यास काय करायचे ते त्याच्या हाती.

शिवाला जाऊन काही सांगू नकोस. चौथे तू बसवले नव्हतेस. तू तीन बसवून गेलास. उरलेली चार मी बसवली. चौथे बसवताना शिवाच्या बोटीवरचा बाळा येऊन पाठीशी उभा राहिला, दोन दिवसांनी संध्याकाळच्या भरतीला बोट काढायची म्हणून हातवारे करून घाई करत होता. मी त्याच्याकडे बघत बसवले. हाताला सवय असते असा माझा माज होता.

हात चुकला एवढ्यावर मी स्वतःला माफ केले असते. माणसाचा हात चुकतो. पुढचे ऐक.

त्या इंजिनाची तपासणी मी केली नाही. मी इंजिन चालू केले, बाजूला उभा राहिलो, मान हलवली आणि म्हटले, "झाला. न्या." तेल न मिळालेले बेअरिंग मोकळ्या इंजिनातही पहिल्या दहा मिनिटांत बोलायला लागते. शाळकरी पोरालाही ऐकू आले असते. मला आले नाही. मला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हते, सहदेव. सावंतवाडीला आल्यावर कान गेले असे तुम्ही सगळे समजता. त्याआधी चार वर्षे ते गेले होते. लोकांचे बोलणे मी ओठ बघून भागवत होतो.

आणि इंजिने तुझ्या तोंडाकडे बघून पास करत होतो. तू कान लावून उभा राहायचास. तुझ्या कपाळाला आठी पडली की मी म्हणायचो, "खोल रे, आत काहीतरी आहे." लोक म्हणायचे, भाईचा कान बघा. तू सुद्धा म्हणायचास. त्या दिवशी तू नव्हतास आणि मला "उद्या बघू" म्हणता आले नाही. उद्या का, असे बाळाने विचारले असते.

बोट फुटल्याचे कळले तेव्हा मला ठाऊक नव्हते की काय झाले. पण आपल्याला ऐकू आलेले नाही एवढे ठाऊक होते. शिवाने तेल बघितले नाही या बोलण्यावर मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणे सोयीचे होते. सहा महिन्यांत संजनाकडे निघून आलो. म्हणूनच तू ते इंजिन उघडू नयेस असे वाटत होते.

तू लिहिलेस की मी तुला सांभाळून घेतो. ते वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. संजना कागदावर विचारते, काय झाले. मी लिहितो, पोट.

शिवाला हे पत्र दाखव.

भाई


खालचीवाडी
१७ जुलै २०२५

भाई,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. मी रविवारीच जाऊन आलो होतो. त्यामुळे जे झालं ते आधी सांगतो.

शिवा पडवीत जाळ्याला गाठी मारत बसला होता. मी फडकं उघडून ते दोन अर्धे त्याच्यापुढे ठेवले आणि सांगितलं. त्याने ते हातात घेतले, उलटसुलट केले, खाली ठेवले आणि पुन्हा गाठ मारायला लागला. मग म्हणाला, "मेल्या, तू त्या दिवशी गोव्याक होतंस. तुजा नाव कित्याक घालतंस?"

मी म्हटलं, "बशयला मियां होता."

"बशयला आसशीत. पास भाईन केल्यान. आणि हाकल्यान कोणी? मियां." मग सुई बाजूला ठेवून म्हणाला, "सहदेवा, तुका एक सांगतंय. आनंदीकय सांगूक नाय. जेटीसून सुटलंव तेवाच माका आवाज गावलो होतो. टक्, टक्. बारीक. खालसून. मी बाळाक म्हटलंय, ऐकतंस? तर तो म्हणता, भाईन पास केलेला इंजिन, तुज्या कानात पाणी गेला आसतला. सगळे हसले. मी पण हसलंय. आणि गप रवलंय."

त्याने जाळं मांडीवरून खाली सरकवलं.

"सहा वर्सा लोक माका तेलाचा इचारतत. आवाजाचा कोणी इचारूकच नाय. कौलात उजवी पडली तेवा वाडयेक वाटला, तेल. माका म्हायत होता, आवाज. मी ऐकलंय आणि थांबलंय नाय. देवाक सगळा ठावक, असो विचार करून मी दंडवत घातलंय."

आनंदी दारात उभी होती. आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "सहा वर्सा माका सांगूक काय झाला होता रे तुका? तोंड शिवलेला होता?" आणि रडली. मी उठून आलो. त्याच्यापुढे मी जे ओझं उतरवायला गेलो होतो, ते तसंच परत घेऊन आलो, वर त्याचंही.

मग मंगळवारी तुमचं पत्र. शेडच्या दारात उभं राहून वाचलं. भाई, खरं सांगू? मला आधी राग आला नाही. आधी मला ती चार वर्षं आठवली. मी कान लावून उभा आहे आणि तुम्ही माझ्याकडे बघत आहात. मला वाटायचं, भाई आपल्यावर किती लक्ष ठेवतात. त्या नजरेसाठी मी अधिक मन लावून काम केलं. राग त्यानंतर आला. अजून आहे, पण त्याला काय करायचं ते मला कळलेलं नाही. पत्र मी शिवाला नेऊन दिलं. त्याने वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि म्हणाला, "इंजिन खंय आसा?"

काल दिवसभर तपासणी केली. मी चालू केलं, आणि शिवा सहा वर्षांनी इंजिनाजवळ उभा राहिला. मी लांब पेचकस त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "तू ऐक ना, तुजो कान बरो." मी म्हटलं, "तुजोच बरो. तुका एकट्याक ऐकाक इलेला." त्याने पेचकसाचं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. एकेका बेअरिंगपाशी थांबत गेला. चौथ्यापाशी इतका वेळ थांबला की मीच घाबरलो. मग डोळे न उघडता म्हणाला, "हंय काय नाय. पण तिसरो टॅपेट वाजता." बंद करून बघितलं, फट खरंच जास्त होती. ती बसवली.

पुन्हा चालू केलं. "पाच नंबर मागे रवता," म्हणाला. मी पाचव्या नोझलचा नट सैल करून डिझेल तोडलं, तर इंजिनाच्या आवाजात काही फरकच पडला नाही. म्हणजे तो सिलिंडर काम करतच नव्हता. नोझल काढून बघितलं, थेंब गळत होता. ते बदललं. मग धुराची पाळी. पांढरा यायचा, म्हणून पंपाचं टायमिंग थोडं पुढे घेतलं. काळा यायला लागला, मागे घेतलं. असं पाच वेळा. माझी कंबर गेली, शिवा काही दमेना. "अजून," म्हणायचा. "वायच अजून."

दुपारनंतर जोखड कसलं. पाण्याची धार आनंदीने धरली, दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही. पाव पाव फेरा करत अर्ध्या जोरापर्यंत नेलं, तीन तास ठेवलं. तेलाचा काटा हलला नाही. धूर विरळ राखाडी, दिसे न दिसेसा. वाडीतली चार माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. त्यांच्यापुढे मी ते दोन अर्धे ठेवले आणि सगळं सांगितलं, कौलात मी काय विचारलं ते धरून. तुमचं नाव घ्यावं लागलं. बाळाही तिथे होता. ऐकून तो निघून गेला.

इंजिन तयार आहे. पण बोटीत घालायचं म्हटलं तर शिवा थांब म्हणतो. का ते सांगत नाही. तो तुम्हाला लिहिणार आहे म्हणाला.

सहदेव


खालचीवाडी
२४ जुलै २०२५

भाई,

शिवाचो नमस्कार. सातवीपर्यंत शिकलंय, अक्षर समजान घेवा. बोलतंय तसाच लिवतंय.

तुमचा पत्र मी दोनदा वाचलंय. आनंदीक एकदाच वाचून दाखवलंय. तेच्या मागसून ती तुमचा नाव काढणा नाय.

इंजिन बरा झाला. सहदेवान जीव ओतल्यान. तो आता रोज माज्याकडे येता आणि गप बसता. मी तेका म्हटलंय, तू गुन्हेगारासारखो बसा नको, कामाक लाग. लोकांचा म्हणशात तर लोक आता माका तांडेल म्हणतत. नुसतो तांडेल. माका ता पण कानाक बरा लागणा नाय. सवय नाय.

बेरिंग उलटा बसला तेचो राग माका नाय. माज्या हातसून पण जाळी चुकतत. तुमका ऐकाक येय नव्हता, तेचो पण नाय. मी ऐकान गप रवलंय, तुमी न ऐकता मान हलवलात. दोघाय सारकेच.

माका राग दुसऱ्याचो आसा. सावंतवाडीक जावच्या आधी तुमी माज्या अंगणात इलात. आठवता? माज्या खांद्यार हात ठेवलात आणि म्हणालात, "शिवा, माणसाकडसून होता असा." तेवा तुमका म्हायत होता की तुमी ऐकलेला नाय. आणि माफी माका दिलात. मी तुमच्या पायांक हात लावलंय. माज्या चेडवान, आमच्या पोरीन, तुमका लाडू बांधून दिल्यान वाटेत खावक.

ह्यो राग पत्रान जावचो नाय. मी बरीच पानां लिवलंय आणि फाडलंय. देवळात नको, पंच नको, कौल नको. तुमी येवा. माज्या पडवेत बसा. माका बोलूचा आसा ता सगळा मी बोलतलंय, आणि तुमी उठाचा नाय. मगे इंजिन बोटीत घालूया. तवसर मी घालूचंय नाय, हंगाम गेलो तरी चलात.

शिवा


सावंतवाडी
२८ जुलै २०२५

शिवास,

तुझे पत्र मी संजनाला दाखवले. सहदेवाचीही सगळी दाखवली. तिने वाचली आणि माझी पिशवी भरून दिली.

गुरुवारी सकाळच्या एसटीने निघतो. सहदेवाला स्टँडवर पाठवू नकोस. रिक्षा करून मी सरळ तुझ्या पडवीत येईन आणि तू सांगशील तिथे बसेन.

एकच सांगणे आहे. ओरडू नकोस. तुझा अधिकार आहे, पण ओरडताना माणसाचे तोंड वाकडे होते आणि मला ओठ वाचता येत नाहीत. हळू बोल. माझ्याकडे तोंड करून बोल. म्हणजे एकही शब्द सुटणार नाही.

भाई